खोट्या कागदांवर मिळालेली सीट: मुलांनी तिथे शिकत राहावं का? (अनुभव धागा)

सप्टेंबर 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दोन सख्ख्या बहिणींबद्दल निकाल दिला. दोघींनाही महादेव कोळी या अनुसूचित जमातीच्या असल्याच्या दाखल्यावर राखीव जागा मिळाल्या होत्या आणि जुन्या शालेय नोंदी वेगळंच सांगत होत्या. दाखले रद्द झाले. एक बहीण एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या परीक्षेशी येऊन पोचली होती, तिला परीक्षेला बसू दिलं. दुसरी बी.डी.एस.च्या मध्यावर होती, तिला त्या जागेवर पुढे शिकता येणार नाही असं सांगितलं. घर एक, दावा एक, आणि फरक पडला तो कोण किती पुढे गेलं होतं यावर.

आज जात पडताळणी समित्या आणि दक्षता पथकं ज्या पद्धतीने काम करतात, ती याच निकालाने घालून दिली. दावा खोटा निघाला तर पालकांवरही खटला भरावा, असंही त्यात लिहिलं आहे. मी तीस-एक वर्षं विज्ञान महाविद्यालयात शिकवलं. मुलाची सीट गेलेली पाहिली, पण पालकावर खटला उभा राहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

माझं मत आधीच सांगते. मुलाला माहीत असो वा नसो, ती सीट त्याची नाही. माहीत नसेल तर त्याला स्वच्छ पाटीवर पुन्हा परीक्षा देता आली पाहिजे, कुठलाही डाग न ठेवता. आणि हे सगळं पहिल्या काही महिन्यांत व्हायला हवं. तुमचं मत वेगळं असू शकतं. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं किंवा भोगलेलं लिहा. माणसांची आणि कॉलेजांची नावं कृपया टाळा.

लातूर, सध्या बी.ए.एम.एस. करते आहे

मॅडम, मी लिहिते. माझी एम.बी.बी.एस.ची सीट थोडक्यात गेली. माझ्याच क्लासमधल्या एका मुलीला माझ्यापेक्षा कमी मार्कांवर ओबीसीतून मिळाली. तिच्या घरचं हार्डवेअरचं मोठं दुकान, दोन ट्रक. नॉन क्रिमी लेयरला आठ लाखांची मर्यादा आहे, पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तिच्या वडिलांनी दुकानाची कमाई शेतीची म्हणून दाखवली. हे मला तिनेच सांगितलं, अगदी सहज, सगळेच करतात म्हणून.

ती वाईट मुलगी नाही. माझ्याबरोबर पहाटे चारला उठून अभ्यास केलाय तिने. पण माझे वडील खरोखर शेतकरी आहेत, आणि 'शेतीचं उत्पन्न' हे दोन शब्द ज्यांच्यासाठी वेगळे ठेवलेत त्यांच्याच घरातली सीट ते शब्द वापरून गेली. तिने शिकावं की नाही हे मला विचारू नका. मला फक्त एवढंच वाटतं की 'तिचं करिअर बरबाद होईल' असं सगळे म्हणतात तेव्हा माझ्या करिअरबद्दल कुणीच काही म्हणत नाही.

नाशिक, निवृत्त लिपिक, विद्यार्थी विभाग

वरच्या ताईंचं वाचून जुने दिवस आठवले. प्रवेशाच्या वेळी बऱ्याच मुलांकडे व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) नसते, पडताळणीसाठी अर्ज केल्याची पावती असते. पावतीवर तात्पुरता प्रवेश द्यायचा, हमीपत्र लिहून घ्यायचं. मग समितीत फाइल पडून राहते. दक्षता पथक गावी जातं, शाळेचा जनरल रजिस्टर बघतं, कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद काढतं. यात महिने जातात, कधी वर्षं.

दाखला अवैध ठरल्याचं पत्र येतं तोवर प्रवेशाच्या फेऱ्या कधीच्या संपलेल्या असतात. वैद्यकीयला तर शेवटची तारीख उलटली की कोणालाच घेता येत नाही. म्हणजे मूल काढलं, तरी ती जागा पुढच्या वर्षांत तशीच रिकामी. ज्याची होती त्याला मिळाली नाही, ज्याने घेतली त्याच्याकडे राहिली नाही. मी हजेरीपटावर अशी नावं लाल शाईने खोडलेली आहेत. 'वेळेत पडताळणी' हेच खरं उत्तर आहे हे मी तेव्हाही साहेबांना सांगायचो.

पालकांबद्दलही एक सांगतो. खोटा कागद घेऊन येणारा बाप आवाज चढवून बोलायचा. मुलगा मागे उभा, खाली बघत. पोरांना कळत नव्हतं असं मला कधी वाटलं नाही. सगळंच कळत होतं असंही नाही.

नागपूर

एक गोष्ट इथे मिसळू नये म्हणून लिहितो. दाखला अवैध ठरला म्हणजे बापाने फसवणूक केली, असं प्रत्येक वेळी नसते. आमच्या विदर्भात हलबा-कोष्टींचा प्रश्न आहे: हलबा ही अनुसूचित जमात, कोष्टी ही विणकर जात. आमच्या आजोबांच्या पिढीपासून लोक स्वतःला हलबाच म्हणत आले. सरकारी परिपत्रकं आणि न्यायालयांचे निकाल कितीतरी वर्षं एका दिशेचे नव्हते. 28 नोव्हेंबर 2000 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोष्टी हे हलबा जमातीत धरता येणार नाहीत. तो खटला एका एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याचाच होता. त्याचं शिक्षण तोवर पुरं झालं होतं, त्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला होता, म्हणून त्याची पदवी न्यायालयाने कायम ठेवली. पुढे मात्र या दाखल्याचा फायदा घेता येणार नाही असं बजावलं.

माझा मावसभाऊ याच घोळात सापडला. त्याच्या बाबांनी कागद विकत घेतला नव्हता, घरात जे पिढ्यांपासून सांगितलं जात होतं तेच अर्जावर लिहिलं. त्याला आणि दुकानाची कमाई शेतीत दाखवणाऱ्याला एकाच तराजूत तोलू नका, एवढीच विनंती.

पुणे, वकील

नागपूरकरांचा मुद्दा नैतिकदृष्ट्या बरोबर आहे, पण कायदा आता तिथे थांबत नाही. महाराष्ट्राच्या 2001 च्या जात प्रमाणपत्र कायद्यातलं कलम 10 सांगतं की खोट्या दाखल्यावर घेतलेला प्रवेश रद्द होतो, शिष्यवृत्ती वसूल होते आणि मिळवलेली पदवीसुद्धा रद्द होते. कलम 11 मध्ये सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आहे. जुलै 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की खोटेपणाचा हेतू होता की नव्हता यावर कलम 10 ची कारवाई अवलंबून नाही. दाखला गेला की लाभ गेला.

'नीट' 2024 च्या निकालातही तोच सूर आहे. पूर्ण परीक्षा रद्द करायला न्यायालयाने नकार दिला, पण पेपरफुटीचा फायदा घेतलेला विद्यार्थी नंतर सापडला तर प्रवेश टिकवण्याचा हक्क त्याला सांगता येणार नाही असं म्हटलं. माझ्याकडे येणारे पालक पहिला प्रश्न विचारतात तो 'स्टे मिळेल का?' हा. स्टेवर मुलगा तिसऱ्या वर्षाला गेला की चौथ्या वर्षाची आशा धरतात. काळ काढणं हाच बचाव होऊन बसतो. अशा केसेस घेणं मी बंद केलं आहे.

इंदूर

आम्ही तीन पिढ्या इंदूरचे मराठी. व्यापमं, म्हणजे मध्य प्रदेशच्या परीक्षा मंडळातला घोटाळा, इथल्या घराघरात शिरला होता. पीएमटीला (वैद्यकीय प्रवेश परीक्षेला) हुशार मुलगा पुढे बसवायचा, त्याला म्हणायचे इंजिन. मागे पैसे भरलेला तो बोगी. रोल नंबर त्या हिशेबाने लावून घेतलेले. हे ठरवायचे आईबाप आणि दलाल.

2008 ते 2012 च्या तुकड्यांतल्या 634 मुलांचे प्रवेश शेवटी फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. तोवर काहींचं शिक्षण संपत आलं होतं. त्याच्या आधी 2016 मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं. एकांचं म्हणणं होतं की या मुलांनी पाच वर्षं लष्करात विनावेतन, फक्त निर्वाह भत्त्यावर सेवा द्यावी आणि मग पदवी घ्यावी, म्हणजे समाजाला डॉक्टर तरी मिळतील. तीन न्यायमूर्तींनी ते मान्य केलं नाही.

माझ्या शेजारचा एक मुलगा त्यात होता. त्याने ती पाच वर्षं आनंदाने दिली असती, असं त्याची आई आजही म्हणते. मला तेव्हा तो तोडगा पटला होता. आता पटत नाही. सैनिकाने तरी अशा डॉक्टरकडे का जावं? खोटेपणाची फेड रुग्णांच्या अंगावर का?

कॅलिफोर्निया, बे एरिया

मार्च 2019 मध्ये इथे जे उघडकीला आलं तेव्हा माझी लेक अकरावीत होती, त्यामुळे घरात दुसरा विषय नव्हता. विल्यम रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांना 'साइड डोअर' विकत होता. कधीही वल्हं न मारलेली मुलं रोइंगची खेळाडू म्हणून दाखवायची, प्रशिक्षकाला पैसे द्यायचे. किंवा मुलाला शिकण्यात अडचण आहे असा कागद काढून परीक्षेला जास्त वेळ घ्यायचा आणि ठरलेल्या केंद्रावर आपल्या माणसाकडून उत्तरं दुरुस्त करून घ्यायची. 33 पालकांवर आरोप ठेवले गेले. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीने 15,000 डॉलर दिले होते, तिला 14 दिवसांची कैद झाली. तिच्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं न्यायालयासमोर आलं.

मुलांचं काय करायचं हे विद्यापीठांनी आपापलं ठरवलं. येल आणि स्टॅनफर्डने प्रवेश रद्द केले, जॉर्जटाउनने दोघांना काढलं. मुख्य प्रश्न विचारला गेला तो 'मुलाने अर्जात स्वतः खोटं लिहिलं का?' हा. मला ही कसोटी आपल्याकडेही हवी असं वाटतं. अर्जावर सही कुणाची आहे? न खेळलेला खेळ लिहिलेल्या अर्जावर मुलाने सही केली असेल तर ते फक्त बापाचं पाप राहत नाही.

माझ्या लेकीने तेव्हा विचारलं होतं, 'आई, तू असं केलंस आणि मला कळलं नाही, तर मी कॉलेज सोडायचं का?' मी हो म्हणाले. ती चिडली. आम्ही दोघी अजून यावर एकमताच्या नाही.

सांगली, शिक्षक

मी इथे एकटा पडणार, तरी लिहितो. सतरा वर्षांचं पोर. फॉर्म बापाने भरला, दाखला बापाने आणला, सायबर कॅफेत बसून ऑप्शन फॉर्मही बापानेच भरला. 'सही कर' म्हटलं, त्याने केली. आपल्या घरांत कुठलं मूल वडिलांना कागद दाखवा म्हणतं? तुम्ही त्याला काढता आणि बाप आहे तिथेच राहतो, दुकान चालू, पतसंस्थेचा संचालकही. शिक्षा बापाला जबर करा, त्याच्याकडून दंड घेऊन दोन गरीब मुलांची फी भरा. पोराला शिकू द्या.

कोल्हापूर

सांगलीच्या सरांना उत्तर म्हणून आमच्या घरातलं लिहिते. माझा भाऊ शिकत राहिला, त्याला कोणी काढलं नाही. एनआरआय कोटा. आखातात राहणाऱ्या एका माणसाला मामा म्हणून दाखवलं, आम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही. वडिलांनी द्राक्षबागेचा तुकडा विकला. भाऊ आज चांगला डॉक्टर आहे, हाताला यश आहे, खेड्यात प्रॅक्टिस करतो. बाहेरून पाहिलं तर सरांचं म्हणणं खरं ठरलं.

पण त्याचं लग्न ठरवताना, दवाखान्याची जागा निवडताना, मुलांची शाळा ठरवताना, प्रत्येक वेळी वडील एकच वाक्य काढतात: 'मी नसतो तर तू कुठे असतास?' आणि तो गप्प होतो. चाळिशीतला माणूस. त्याला हवी असलेली मुलगी त्याने सोडली, तेही याच वाक्यावर. वडिलांनी त्याला सीट दिली नाही, स्वतःकडे गहाण ठेवून घेतलं. पहिल्याच वर्षी कोणी पकडून घरी पाठवलं असतं तर तो रडला असता, बी.एस्सी. झाला असता, आणि वडिलांसमोर मान वर करून बोलला असता. मूल निरागस आहे म्हणून त्याला तिथेच ठेवा म्हणता, तेव्हा ते कुणाच्या ताब्यात राहतं तेही बघा.

मुंबई, निवृत्त डॉक्टर

1986 मध्ये मी निवासी डॉक्टर होतो. मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांत फेरफार झाल्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ताशेऱ्यांनंतर त्यांना पद सोडावं लागलं. आमच्या वसतिगृहात त्या रात्री जेवणावरून कोणी उठायला तयार नव्हतं. एका विद्यार्थ्याच्या याचिकेने हे घडलं, याचा अभिमान आम्हा सगळ्यांना होता. हे सांगायचं कारण, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने न्यायालयात जाणं ही तेव्हा शक्य कोटीतली गोष्ट वाटली. लातूरच्या मुलीने तक्रार करावी. मी खर्च करायला तयार आहे.

छत्रपती संभाजीनगर

मी स्वतः सोडलं. दुसऱ्या वर्षाला असताना काकांकडून कळलं की माझा दाखला वडिलांनी दुसऱ्या तालुक्यातून 'करून आणला' होता. अर्ज घेऊन कार्यालयात गेलो तर कारण काय लिहू असं तिथल्या बाबूंनी विचारलं. खरं लिहिलं तर फाइल होईल, 'घरगुती अडचण' लिही, म्हणाले. शिवाय उरलेल्या वर्षांची फी मागितली. प्रामाणिकपणे बाहेर पडायचा रस्ताच कुठल्या नियमात नव्हता. वडील वर्षभर बोलले नाहीत. आता मी सांख्यिकी शिकवतो. ज्यांना कळलं आहे आणि सोडायचं आहे त्यांच्यासाठी दंडाशिवाय बाहेर पडायची सोय असावी, ही माझी मागणी आहे.

अकोला, एम.बी.बी.एस. तिसरं वर्ष

नाशिकच्या काकांनी लिहिलं की जागा रिकामी राहते. माझ्या बाबतीत राहिली नाही, म्हणून लिहितेय. माझ्या वर्षी एका मुलाची व्हॅलिडिटी फेऱ्या संपायच्या आधीच नाकारली गेली, आणि शेवटच्या फेरीत ती जागा माझ्यापर्यंत आली. मी पोचले तेव्हा शरीररचनेचा हाताचा भाग शिकवून संपला होता. बॅचमधल्या मुलांनी सुटलेली डिसेक्शन्स रविवारी पुन्हा समजावून दिली.

तो मुलगा कोण हे मला माहीत आहे. त्याने पुढच्या वर्षी खुल्या वर्गातून परीक्षा दिली आणि आता फिजिओथेरपी करतो. आमच्या समितीने फाइल आणखी चार महिने ठेवली असती, तर तो माझ्या जागेवर अडकला असता आणि मी घरी बसले असते.