मदत हवी आहे : जुन्या अग्निशमन केंद्राची दुरुस्ती
मंडळी, कोल्हापुरात एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या दुरुस्तीचा आराखडा करतोय. दगडी भिंती भक्कम आहेत, पण गाळे पूर्वीच्या छोट्या बंबांच्या मापाचे. आताचा बंब आत घेताना आरसा आणि चौकट यांत जेमतेम चार बोटं उरतात. ५००० लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५ टन, त्यानं फरशी खचलीय. बंब सुरू केला की डिझेलचा धूर थेट जवानांच्या झोपायच्या खोलीत शिरतो, हे सगळ्यात जास्त खुपतं. २०१९ चा महापूर, २०२४ ची केशवराव भोसले नाट्यगृहाची आग, दोन्ही डोळ्यांपुढून जात नाहीत.

कमान न पाडता गाळा रुंद केलाय का कुणी? काम चालू असताना बंब कुठं उभे केले? धूर बाहेर काढायला काय बसवलं? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.