मदत हवी आहे : रोड किंग मोटरसायकल घरीच उचलून टायर बदलायचे आहेत

नमस्कार मंडळी. घणसोलीत सोसायटीच्या पार्किंगमध्येच माझ्या हार्ली रोड किंगचे दोन्ही टायर बदलायचे आहेत. गाडी साडेतीनशे किलोंच्या वर, सेंटर स्टँड नाही. फ्रेमच्या खालच्या दोन नळ्यांखाली जॅक लावावा म्हणतो. पण मागचं चाक काढलं की वजन पुढे सरकून गाडी नाकावर झुकेल, ही खरी धास्ती. शिवाय खाली पेव्हर ब्लॉक, त्यातले एकदोन पाय ठेवला तरी डुगडुगतात. वर जाड प्लायवूड टाकलं तर पुरेल का? रॅचेट पट्टे (खटक्याने घट्ट ताणता येणारे बांधायचे पट्टे) कुठून कुठे ताणायचे? पिलर जवळ आहे, पण हँडलला ओढ देणं मला पटत नाही. तुर्भे किंवा ठाण्यात चांगला जॅक भाड्याने मिळतो का? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.