कोडसाठी स्वतःचा नंबर का द्यायचा?

पिंपळपान: एखादं अ‍ॅप नुसतं चाळून बघायचं असलं तरी आधी मोबाइल नंबर मागतात आणि त्यावर पडताळणीचा कोड (ओटीपी) पाठवतात. अशा ठिकाणी मी दोन वर्षं व्हर्च्युअल नंबर, म्हणजे सिमशिवाय इंटरनेटवर चालणारा भाड्याचा नंबर, देतेय आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. ट्विटरने सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरले, त्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड झाला. त्याआधी २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांचे नंबर उघड्यावर पडले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. नंबर बदलायचा म्हणजे बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना कळवत बसायचं.

काटकोन: नंबर जपा, जरूर जपा. पण त्याच्या जागी जो देताय तो कोणाचा? फुकट नंबरांच्या साइटवर आलेला प्रत्येक एसएमएस सगळ्या जगाला दिसतो. मी मुद्दाम तशा एका पानावर बसून पाहिलं: कोडमागून कोड येत होते आणि प्रत्येकात कुठल्या अ‍ॅपचा तेही लिहिलेलं. उद्या कुणी तोच नंबर टाकून ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं तर तुमचं खातं गेलंच म्हणून समजा.

पिंपळपान: फुकटचे मी वापरत नाही. पैसे भरून घेतलेला आहे, त्यावरचे मेसेज फक्त मलाच दिसतात.

काटकोन: पैसे भरताय तोवर. माझ्या बहिणीचाही असाच होता. नूतनीकरण राहून गेलं आणि नंबर परत गेला. पुढे फोन बदलला तेव्हा मेसेंजरने कोड त्याच नंबरवर पाठवला. नऊ वर्षांच्या गप्पा, फोटो, त्यात आमच्या आईचे शेवटचे व्हॉइस मेसेज होते. काहीही परत मिळालं नाही. म्हणून मी इतका जीव तोडून सांगतोय.

निळाई: वाचून वाईट वाटलं. पण सिमचा नंबर तरी कायमचा कुठे असतो? बंद पडलेले नंबर कंपन्या पुन्हा विकतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले, त्यातल्या १७१ नंबरांवर आधीच्या मालकांची खाती अजून जोडलेली होती. सिम पळवणं, म्हणजे तुमचा नंबर परस्पर दुसऱ्याच सिमवर वळवून घेणं, ते वेगळंच. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा नंबर २०१९ मध्ये दुसऱ्यांच्या ताब्यात गेला आणि त्यांच्याच खात्यावरून भलतेसलते ट्वीट पडले. मुळात नंबरालाच ओळख मानणं चूक आहे. ऑथेंटिकेटर अ‍ॅप दर ३० सेकंदांनी फोनमध्येच नवा कोड तयार करतं, त्याला नेटवर्कसुद्धा लागत नाही.

पहारा: एका छोट्या सेवेत खोटी खाती हुडकणं हे माझं काम, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही नंबर मागतो तो एका माणसाने हजार खाती उघडू नयेत म्हणून. नंबर सिमचा की इंटरनेटवरचा हे बहुतेक वेळा कळतं, त्यामुळे इंटरनेटवरचा नाकारला जातो. शिवाय भाड्याच्या नंबरावर आधी कुणी स्पॅम केलेलं असेल तर प्रामाणिक माणसाचं खातंही पहिल्याच दिवशी बंद होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या नियमावलीत इंटरनेट नंबरांवर कोड पाठवून ओळख पटवायला मनाई केली.

पिंपळपान: तुमची अडचण समजते. पण माझ्या मैत्रिणीने जुनं कपाट विकायला जाहिरात टाकली आणि महिनाभर तिला रात्री-अपरात्री फोन येत राहिले. खोटी खाती रोखायचा भार तिने का सोसायचा?

पहारा: सोसू नये. नंबर दुसऱ्या वापरकर्त्यांना दाखवणं ही त्या सेवेचीच चूक.

पिंपळपान: काटकोन, तुमचं वाचून आज माझी खाती तपासली. तीन ठिकाणी भाड्याचा नंबर निघाला. दोन ठिकाणी तो काढून ऑथेंटिकेटर लावला. तिसरीकडे काढायची सोयच नाही, नाइलाजाने खरा नंबर टाकला. अ‍ॅप चाळायला मात्र अजूनही देणार नाही.

काटकोन: चालेल. फक्त भाड्याचा नंबर सोडण्याआधी त्यावरचे जुने एसएमएस एकदा शेवटपर्यंत बघा. विसरलेलं एखादं खातं तिथेच सापडतं.