ब्लॉकचेन येत नाही, तरी हवामानावर काम करणाऱ्या नव्या टीमना मेंटॉर करू शकते का?

ऑडिटवाली_ऐरोली

नमस्कार. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत बरीच वर्षं एनर्जी ऑडिट करतेय. बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर यांत माझी हयात गेली. आता इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या इन्क्युबेशन सेंटरनं मला मेंटॉर म्हणून तीन टीम दिल्या आहेत. तिघांचाही विषय हवामान आणि ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी नोंदवही.

पहिल्या टीमला ठाणे खाडीच्या कांदळवनाची कार्बन क्रेडिटं (एक क्रेडिट म्हणजे टाळलेला किंवा शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड) टोकन करून, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या डिजिटल नोंदी करून विकायची आहेत. दुसरीला सोसायट्यांच्या छतावरच्या सोलरची. तिसरी टीम ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या रहिवाशांना कॉइन देणार आहे. मुलं मनापासून राबताहेत, मध्यरात्री मेसेज येतात. मला स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कोडची) एक ओळ वाचता येत नाही. शिवाय ब्लॉकचेनच भरमसाट वीज खातं असं ऐकलंय, मग पर्यावरणाच्या नावानं ते वापरायचं कसं? शनिवारी पहिली बैठक आहे. काय विचारू? मुलांचं वर्ष वाया जायला नको एवढंच वाटतं.

घोडबंदरचा_मेंटॉर

ताई, जरूर करा. या टीमना कोड तपासून देणारे ढिगानं मिळतात, मीटर तपासणारं माणूस मिळत नाही. कारखान्यात फ्लो मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितल्याशिवाय तुम्ही आकडा मानत नाही ना? तेच इथं करायचं.

विजेचं आधी सांगतो. बिटकॉइन अजून मायनिंगवर, म्हणजे असंख्य संगणकांनी कोडी सोडवत नोंदी पक्क्या करण्यावर चालतं आणि खरंच प्रचंड वीज खातं. इथेरियमनं १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग सोडून प्रूफ ऑफ स्टेक (ठेव ठेवणाऱ्यांनी नोंदी पक्क्या करण्याची पद्धत) घेतलं, तिथला वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. तेव्हा कुठल्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) बांधताय, हे विचारा. उत्तर ठीक असेल तर तो विषय तिथंच संपला.

खरा विषय कांदळवनाच्या टीमचा. तिथं सगळ्यात जास्त वेळ द्या. खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाला, आणि कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्येच मनाई केली. क्रेडिट मिळतं ते प्रकल्पाशिवाय जे झालंच नसतं, त्याला. कायद्यानं जपलेली झाडं 'आम्ही वाचवली' म्हणून विकता येत नाहीत. उजाड झालेल्या जागेत भरतीचं पाणी पुन्हा फिरवून जंगल उभं केलं तर गोष्ट वेगळी, पण मग जमीन कोणाची? वनखात्याची, सिडकोची की आणखी कोणाची? क्रेडिटवर हक्क कोणाचा, हे कागदावर नसेल तर टोकन कशाचं काढणार?

आणि मोजणार कसं? कांदळवनातला बहुतेक कार्बन चिखलात असतो. ओहोटीला आत उतरायचं, नळीनं चिखलाचा गाभा काढायचा, खोलीप्रमाणे तुकडे करून पिशव्यांत भरायचे, पुढे ओव्हनमध्ये वाळवून वजन, मग लॅब. परवानगी काढून एका टीमबरोबर मी असा उतरलो होतो. गुडघाभर चिखल, भरती परत फिरलेली, आणि त्यातल्या मुलीनं पिशवीवर मार्करनं घातलेला नंबर ओल्या प्लास्टिकवरून पुसला गेला. हातात दोन सारख्याच पिशव्या, वरच्या थराची कुठली आणि खालची कुठली ते सांगता येईना. ती म्हणाली, "सर, साखळीत गेलं की हे बदलता येणार नाही." बदलता न येणारी नोंद चुकीची असेल तर चूकच कायमची होते, हे तिला माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा लख्ख कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिशवीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठीही टाकायला सुरुवात केली. माझ्या लेखी तो त्या प्रकल्पाचा पहिला खरा फीचर.

मुलांना कार्बन क्रेडिटांची टोकनं काढणाऱ्या टूकन या प्रकल्पाचं उदाहरण जरूर अभ्यासायला सांगा. २०२१ च्या अखेरीस त्यांनी व्हेरा या क्रेडिटं देणाऱ्या संस्थेच्या रजिस्ट्रीतली (क्रेडिटांच्या नोंदवहीतली) क्रेडिटं रिटायर करून त्यावर टोकनं काढली, लाखो टनांची. मे २०२२ मध्ये व्हेरानं रिटायर केलेल्या क्रेडिटांवर टोकन काढायला मनाई केली. कोड चालत होता. पण रिटायर म्हणजे वापरून संपलेलं, मग बाजारात फिरत होतं ते नेमकं काय, याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं.

सोलरच्या टीमला गणित फळ्यावर मांडायला लावा. ५० किलोवॉटचं छत आपल्याकडे वर्षाला साधारण ७०,००० युनिट देतं. ग्रिडच्या विजेला युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ४९ टन. समजा टनाला ३०० रुपये मिळाले, तर १४,७०० रुपये. आणि युनिटला १० रुपये धरले तर त्याच छतानं बिलात वाचवले ७ लाख! सोसायटीचा सेक्रेटरी क्रेडिटसाठी सोलर बसवणार नाही, तो बिलासाठी बसवेल. शिवाय ग्रिडला जोडलेले नवे सौर प्रकल्प व्हेरा भारतातून काही वर्षांपासून घेतच नाही. मग या मुलांचं काम काय उरतं? शेकडो छतांचा डेटा, जो आज वेगवेगळ्या इन्व्हर्टर कंपन्यांच्या सर्व्हरवर पडून आहे, मीटरपाशीच डिजिटल सही करून एकत्र आणायचा, जेणेकरून सोसायटी, खरेदीदार आणि ऑडिटर यांना एकमेकांच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. इथं साखळीला अर्थ आहे. आपल्या देशाची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. प्रशासन बीईईकडे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे), रजिस्ट्री देशाचं ग्रिड सांभाळणाऱ्या ग्रिड इंडियाकडे. स्वतःची रजिस्ट्री उभारण्यापेक्षा असल्या रजिस्ट्रीला खात्रीचा डेटा पुरवणारं व्हा, असं मी सांगेन.

खताच्या टीमला साखळी लागत नाही. एका सोसायटीच्या हिशोबाला वही पुरते. पण ओला कचरा डम्पिंगवर हवेविना कुजला की मिथेन होतो आणि तो टाळणं मोलाचं काम आहे, म्हणून त्यांना नाउमेद करू नका. कॉइन काढून टाकलं तरी रहिवासी कचरा वेगळा करतील का, एवढं त्यांना एका बिल्डिंगमध्ये करून बघू द्या.

शेवटचं, पहिल्या बैठकीत पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड उघडूच देऊ नका. "हा आकडा खोटा निघाला तर नुकसान कोणाचं, आणि त्याला ते कळणार कसं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

सीए_नौपाडा

एक भर. रहिवाशांना कॉइन वाटायच्या आधी करांचं बघा. आभासी डिजिटल मालमत्तेच्या (कॉइन, टोकन वगैरेंच्या) नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. खतासाठी मिळालेल्या कॉइनपायी एखाद्या आजींना रिटर्नमध्ये वेगळा रकाना भरावा लागू नये. साधे पॉइंट द्या, मेंटेनन्समध्ये सूट द्या.

कोळीवाडा_बेलापूर

तिवरांच्या (कांदळवनाच्या) टीमसाठी आमच्या बाजूनं. क्रेडिट वाढवायला उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर रोपं लावत सुटू नका. ओहोटीला उघडा पडणारा त्याच चिखलात रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) खाणं आहे, आणि आमच्या बायका तिथंच शिवल्या-निवट्या शोधतात. झाडं वाढली की कागदावर टन वाढतील, पण पक्षी आणि आमची मासळी जाईल. कुठं पूर्वी तिवरं होती आणि पाणी अडल्यामुळे मेली, ते गावातली म्हातारी माणसं दाखवतील. जागा ठरवायच्या आधी त्यांना विचारा, आणि पैसा आला तर गावाचा वाटा किती ते आधीच लिहा.

ऑडिटवाली_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं रोपांचं म्हणणं मी मुलांना जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सोलरवाल्यांना आधी एका सोसायटीचं नेट मीटर आणि इन्व्हर्टर यांचे महिन्याचे आकडे शेजारी ठेवून फरक समजावायला सांगते. तो विषय माझ्या हातातला आहे.

एक राहिलं. एका टीमनं मला मानधनाऐवजी टोकन देऊ केलेत. घ्यावेत का?

घोडबंदरचा_मेंटॉर

नको. उद्या त्यांचा आकडा तुम्हालाच नाकारावा लागेल, तेव्हा तुमच्या खिशात त्याच आकड्यावर वधारणारं काही नसावं. इन्क्युबेशन सेंटरकडून तासाचं मानधन घ्या, आणि टोकन घेणार नाही हे पहिल्याच ईमेलमध्ये लेखी कळवा.