अनुभव धागा: आमचे अप्पा, तुमचे सुभेदार

नात, पाचपाखाडी
येत्या ४ फेब्रुवारीला अप्पा नसतील. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा मराठा दिन. १६७० साली कोंढाणा सर झाला तो दिवस. दरवर्षी त्या सकाळी अप्पा ब्लेझर चढवून, पदकं लावून मासुंदा तलावाला एक फेरी मारायचे आणि घरी आले की सगळं परत काळ्या ट्रंकेत. सेना मेडलचं प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे आणि मला ते पाठ आहे. तेव्हा 'भारतमातेचा वीर सुपुत्र' वगैरे कुणी लिहू नका, ते फ्लेक्सवर लिहून झालंय. तुम्ही पाहिलेले अप्पा लिहा. भांडण झालं असेल तर तेही.

तळमजल्यावरचे काका
मग भांडणच लिहितो. सुभेदार सोसायटीचे सेक्रेटरी असताना पाणी सहाला म्हणजे सहाला, आणि सातला वॉल्व्ह बंद. एकदा मी अंगाला साबण लावलेला आणि नळ कोरडा. तीन महिने आम्ही बोललो नाही. दुसरं, त्यांच्या लष्करी कॅन्टीनच्या रमचा कोटा. स्वतः थेंब घेत नसत. महिन्याच्या सुरुवातीला बिल्डिंगमधल्या सगळ्यांचं त्यांच्यावरचं प्रेम उतू जायचं. कुणाला बाटली मिळाली असेल तर त्याने हात वर करावा. 'कोटा माझ्या नावावर आहे, तुमच्या नाही,' एवढंच उत्तर.

मोठी मुलगी (आत्या)
माझा जन्म १९६५चा. माझ्यासाठी अप्पा म्हणजे वर्षातून दोन महिने घरी येणारा मिशीवाला माणूस. उरलेले दहा महिने ते 'मार्फत ५६ एपीओ' या फौजी टपालाच्या पत्त्यावर असायचे. रजेवर आले की माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर चढायच्या.

डिसेंबर ७१ला आम्ही साताऱ्याकडे गावी होतो. १६ तारखेला ढाका पडलं, रेडिओवर ऐकलं, गावात पेढे वाटले. अप्पांचं पत्र मात्र नाही. आई पेढा हातात धरून बसली होती, तो तिने खाल्ला नाही. मग कधीतरी पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं, गुरुजी परगावी, म्हणून तिने मला समोर बसवलं. मी पहिलीत. 'मी खुशाल आहे' हे झरझर वाचलं. पुढे 'पायाची' आणि मग अडकलेच. शब्द होता 'शस्त्रक्रिया'. जोडाक्षरं अजून शिकवली नव्हती. श… स… त… आईने माझा दंड धरला. 'पायाचं काय?' मला येईना, रडू यायला लागलं. ती पत्र हिसकून अनवाणीच पोस्टमनच्या मागे धावली. पुढे फक्त 'झाली, ठीक आहे' एवढंच होतं. 'शस्त्रक्रिया' लिहिताना माझा हात आजही थांबतो.

दुसरा मजला, तेव्हा अकरावीत
२६ जुलै २००५. लाइट नाही, फोन नाही, अर्धी बिल्डिंग ऑफिसातून परतलेली नाही. अप्पांनी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने न आलेल्यांची नावं लिहिली आणि समोर खुर्ची टाकून बसले. माणूस आला की नाव खोडायचं. माझे बाबा कुर्ल्याहून रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. शेवटचं नाव त्यांचंच. ते खोडून अप्पा झोपायला गेले. बाबांना साधं 'या' पण म्हणाले नाहीत, याचा मला तेव्हा राग आला होता.

ऐरोलीहून. वडील त्यांच्या पलटणीत होते, त्यांनी सांगितलं तसंच लिहितो
एकाहत्तरला पूर्व पाकिस्तानात जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच पलटण हुती. आमी ब्रह्मपुत्रा वलांडून त्यांच्या मागं ढाक्याचा रस्ता धरला. होड्या गावकऱ्यांच्या, दारूगोळा बैलगाडीवर. आमच्या ब्रिगेडियर क्लेर सायबानं शरण या म्हून चिठ्ठी धाडली, ती एका म्हाताऱ्यानं नेली. उलट चिठ्ठी आली ती गोळीला गुंडाळून. पेन ठिव, स्टेन गन घिऊन ये म्हून. मंग १० तारखंच्या रातीला त्ये भाईर पडलं ते थेट आमच्या अंगावर. एलएमजीवाला, म्हंजी मशीनगनवाला, पडला तवा तुजा अप्पा त्या जाग्यावर जाऊन बसला, उजाडंपतुर हालला न्हाय. म्याडल त्याचं.

सकाळी उरल्यालं शरण आलं. कैदी मोजायचं काम आमच्याकडं. तुजा अप्पा मोजता मोजता उभ्या उभ्या झोपायचा, आन् परत एकपास्नं. तिसऱ्या खेपंला मला दिसलं, त्याचा बूट रगतानं भरलाय. त्याला म्हाईतच न्हवतं.

सून
रविवारीसुद्धा पाचला उठवायचे, त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या ती तीन वर्षं मी नोकरीवर आणि घरी अप्पा. चादर, औषधं, बेडपॅन, सगळं. दर दोन तासांनी कूस बदलायची, ती वेळ कॅलेंडरवर लिहायची, पुढे सही. स्वतःचीच सही, स्वतःलाच दाखवायला. तीन वर्षांत सासूबाईंच्या पाठीला एक जखम झाली नाही. वेणी मात्र तशीच घट्ट. त्या ओरडायच्या, 'अवो, जमालपूर न्हवं ह्ये!'

नात
पदकं कोण लावणार, असं दोघांनी विचारलंय. मी. ज्याची पदकं तो डाव्या छातीवर लावतो, घरच्यांनी उजवीकडे लावायची. सेना मेडलच्या लाल रिबनवरची पांढरी रेघ पिवळी पडली आहे, ती तशीच ठेवते. 'पूर्वी स्टार'ची, म्हणजे ७१च्या पूर्व आघाडीच्या पदकाची, पीन तुटलीय, तिथे सेफ्टी पीन. फेरी सकाळी सहाला, गडकरी रंगायतनच्या बाजूने सुरू. काका, नळाला पाणी असेल.

आत्या, माझ्या वेण्या तू घालशील? पाचला ये.