मदत हवी आहे: ट्रेलरच्या डिस्क ब्रेकला कोणतं ऑइल? शुक्रवारी निघायचंय

बावधनचा बैल (सोमवार, रात्री ११:४०)
पटकन सांगा, चर्चा नको. कॅरव्हॅन ट्रेलर आहे, डिस्क ब्रेक. काल ताम्हिणी उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक गेले. खाली चहाला अर्धा तास थांबलो तर पुन्हा ठणठणीत. ब्रेक ऑइल बदलायचं ठरवलंय. ग्रेड कोणता, डॉट ३, ४, ५ की ५.१? शुक्रवारी पहाटे दापोलीला निघायचंय, पोरांना सांगून बसलोय.

सहावा गियर
डॉट ५ टाका, डोळे मिटून. आकडा मोठा तेवढं ऑइल भारी. शिवाय पाणी शोषत नाही. मित्राच्या जुन्या हार्लेमध्ये तेच आहे.

आळशी मांजर
ट्रेलर कितीला पडला? आमचाही विचार चाललाय.

भोसरीचा फिटर
@सहावा गियर, कृपया असले सल्ले देऊ नका. डॉट ५ सिलिकॉनचं, जांभळं. ३, ४ आणि ५.१ ही तिन्ही ग्लायकॉलची, एकमेकांत चालतात. ५ त्यांच्यात मिसळतच नाही. आणि पाणी शोषत नाही म्हणून खूश होऊ नका. आत शिरलेलं पाणी मग सुटं राहतं, सर्वात खालच्या जागी म्हणजे कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाऊन बसतं. तिथेच गंज, आणि शंभर डिग्रीला तिथेच वाफ.

सहावा गियर
हार्लेवाले काय मूर्ख आहेत?

भोसरीचा फिटर
हार्ले ताम्हिणीतून मागे घर ओढत नाही.

टेकडीवर
भांडण नंतर. बैलराव, ब्रेक गेले म्हणजे कुणाचे, गाडीचे की ट्रेलरचे? ट्रेलरचा ब्रेक कशावर चालतो? ब्रेक ऑइलच्या डबीच्या बुचावर काय लिहिलंय? ऑइल शेवटचं कधी बदललं?

बावधनचा बैल (मंगळवार, सकाळी ८:०५)
ट्रेलरचेच हो. गाडीचे गेले असते तर इथे लिहायला राहिलो असतो का! मास्टर सिलिंडर (ऑइलला दाब देणारा पंप) पुढच्या कपलरमध्येच आहे, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकतो तिथे. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलर आत सरकतो, ब्रेक लागतात. घाटात तो पूर्ण आत गेला तरी ब्रेक नाही, मागून नुसता धक्का. बुचावर डॉट ३. ऑइल बदललेलं नाही. ट्रेलर सहा वर्षांचा आहे. आता सांगाल का कोणतं?

टेकडीवर
सहा वर्षं! हे आधी सांगायचं ना. ग्लायकॉलचं ऑइल डबीच्या भोकातून, रबरी नळ्यांतून हवेतलं पाणी ओढत असतं, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. डॉट ३ नवं असताना २०५ डिग्रीला उकळायला हवं, ३.७ टक्के पाणी शिरलं की १४०. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५, ५.१ चे २६० आणि १८० (सगळे किमान). तुमचं ऑइल उकळलं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून कपलर आत गेला. गार झालं, वाफेचं पुन्हा ऑइल, ब्रेक परत. डॉट ४ घ्या, नाना पेठेत कुठेही मिळेल. बाटली सीलबंद हवी, घरातली अर्धी उरलेली नको.

अंजीर
मी सासवडचा, दिवे घाट रोजचा. दुसऱ्या गियरमध्ये उतरा, ब्रेकला हातच लावू नका. ऑइलबिइलची भानगडच नाही.

भोसरीचा फिटर
काका, त्यानं गाडीचे ब्रेक वाचतील, ट्रेलरचे नाही. इंजिन गाडीला धरतं, ट्रेलर मागून रेटतच राहतो, कपलर दाबलेला तो दाबलेलाच.

अंजीर
वेग तर कमी राहतो ना? मग तापणंही कमी. बावीस वर्षं उतरतोय.

भोसरीचा फिटर
ते मान्य.

वंगणपंप
एक कुणी विचारलं नाही: दोन्ही चाकं सारखीच तापली होती का?

बावधनचा बैल
डावं जास्त. चाकाच्या मधल्या हबजवळ हात धरवत नव्हता, उजवं कोमट. पण डावीकडे दरी होती, ऊन त्याच बाजूनं असेल.

वंगणपंप
उन्हानं हब तापत नाही हो! डावा कॅलिपर धरून बसलाय. पॅड ढकलणारा पिस्टन गंजला असेल नाहीतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकल्या असतील. नुसतं ऑइल बदलून गेलात तर नवंही उकळेल, जरा उशिरा. पावसाळ्यात ट्रेलर उभा कसा असतो?

बावधनचा बैल
सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जून ते सप्टेंबर. हँडब्रेक लावून. रिव्हर्सला ब्रेक लागतात म्हणून चार पोरं बोलावून ढकलतो.

वंगणपंप
झालं! एक, हँडब्रेकवर चार महिने ठेवलं की पॅड डिस्कला चिकटतात. चाकांना दगड लावा आणि ब्रेक मोकळा सोडा. दोन, मागे ढकलून लावलं की कपलर दाबलेलाच राहतो, प्रेशर सुटत नाही. लावून झाल्यावर ट्रेलर इंचभर पुढे ओढा. तीन, डिस्कवाल्या कपलरला रिव्हर्समध्ये ऑइल अडवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असतो, त्याची वायर गाडीच्या रिव्हर्स लाइटला जोडतात. तुमची लोंबकळत असणार.

बावधनचा बैल
मी ऑइल विचारलं होतं.

आळशी मांजर
आणि मी किंमत.

टेकडीवर
अवांतर: बदलताना डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरेल. लांबच्या चाकापासून एअर काढा, कॅलिपरवरच्या निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उचलतं. आणि ब्रेक ऑइल नाही म्हणून पॉवर स्टिअरिंगचं ओतणारे महाभाग असतात. सगळी रबरं फुगतात, मग रबरांचं किट काय, आख्खा मास्टर सिलिंडर जातो.

बावधनचा बैल (गुरुवार, रात्री १०:२०)
डावा कॅलिपर खोलला. खालची पिन हातोडीशिवाय निघेना. पिस्टन वरून गंजलेला, तो आणि सील नवे टाकले. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं. डॉट ४ भरलं. आज पिरंगुटपर्यंत ओढून आणलं, दोन्ही हब सारखेच कोमट. वायर खरंच लोंबकळत होती, पण ती जोडायला इलेक्ट्रिशियन शनिवारी येणार. म्हणून आता रविवारी निघतोय. पोरं बोलत नाहीयेत.

सहावा गियर
डॉट ५ टाकलं असतं तर शुक्रवारीच निघाला असतात.

आळशी मांजर
किंमत? निदान व्यक्तिगत निरोप तरी करा.