मे महिना, नील बेट आणि पोर्ट ब्लेअर : तुमच्या आठवणी येऊ द्या

सागरगोटी
दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात टीव्हीवर 'मान्सून अंदमानात दाखल' ही पट्टी सरकायला लागली की आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच, "आणि आपण तिथेच होतो!" यंदा लेकीने हॉस्टेलवरून मेसेज केला. म्हणून हा धागा.

एलटीसी (सरकारी नोकरीतली प्रवास-सवलत) घ्यायची होती आणि शाळेला सुट्टी मेमध्येच, त्यामुळे 'सीझन नाही' म्हणणाऱ्यांचं ऐकायची सोय नव्हती. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन आणि जाऊबाईंचा एक. पोर्ट ब्लेअर आणि नील. (2018 पासून नीलचं शहीद द्वीप झालं, 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. आमच्या तोंडात जुनीच नावं बसलीत.) हॅवलॉक मुद्दाम गाळलं, सासूबाईंना गर्दी नको होती.

नीलवर करायला काही नाही हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. सासूबाई मात्र रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही नावं ऐकून खूश. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेलं बेट, सगळीकडे भाजीचे मळे. अंदमानला भाजी इथूनच जाते म्हणे. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो! सहाला पोरं "जेवायला वाढ" करत मागे, आठला सगळे आडवे, पहाटे पाचला लख्ख उजेड. घरी आम्ही सात माणसं एकाच वेळी जागी आणि एकाच वेळी झोपलेली असं कधी झालंच नव्हतं.

मग पाऊस आला. बोट रद्द. व्हरांड्यात बसून बदाम सात. फोनला रेंज नाही, नवऱ्याचं ऑफिस गायब. खरं सांगायचं तर त्या सहलीतला तोच भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

तुम्ही लिहा. बेट कुठलंही चालेल.

तिखटमीठ
बोटीचं नाव काढू नका. खाजगी बोट, एसी, काचा बंद. समुद्र खवळलेला. पहिल्या अर्ध्या तासात पिशव्या संपल्या. शेजारच्या काकू आवळासुपारी वाटत होत्या त्यांचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. येताना सरकारी बोटीने आलो, डेकवर वाऱ्यात उभं राहता येतं. एकाला काही झालं नाही.

निवांत_नाना
रद्द बोटीचे पैसे मिळाले का परत?

सागरगोटी
मिळाले हो नाना, सावकाश.

दर्यावर्दी
आमच्या आजोबांचा किस्सा. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर तो दगडी नैसर्गिक पूल आहे ना, तिथे ओहोटीलाच जाता येतं. हॉटेलवाला म्हणाला सकाळी लवकर निघा. आजोबा मूळचे गुहागरकडचे, ते कशाला ऐकतात! "आज तिथी काय? तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते." बोटांवर हिशोब करून त्यांनी अख्ख्या खानदानाला चहा पाजत बसवलं. पोचलो तर पाणी चढायला लागलेलं. आजोबा समुद्राकडे बघून म्हणाले, "याचं काहीतरी चुकतंय."

गणितवाला
@दर्यावर्दी 😂 आजोबा अर्धे बरोबर होते. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तिथी गुणिले पाऊण. हे सगळीकडे जवळपास तसंच. पण अमावस्या-पौर्णिमेला भरती किती वाजता येते ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं. पाऊणपटीचा आडाखा आपल्या कोकण किनाऱ्याचा, बंगालच्या उपसागराला तो कसा लागू पडणार?

दर्यावर्दी
हे त्यांना सांगायला तेव्हा तुम्ही हवे होतात. ऐकलं नसतंच म्हणा.

अबोली
पूल बघायला मिळाला की नाही मग??

दर्यावर्दी
दुसऱ्या दिवशी. हॉटेलवाल्याच्या वेळेने. आजोबा "आलोच" म्हणून खोलीत थांबले.

मुक्कामपोस्ट
शंखातले खेकडे कुणीच कसे लिहिले नाहीत? आमच्या धाकटीने सुंदरसा शंख उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला आणि रात्री खोलीत कपाटाखालून खरखर खरखर. बायको पलंगावर, मी टॉर्च घेऊन जमिनीवर. त्याला परत सोडायला रात्री किनाऱ्यावर वरात.
बाकी रिकामे शंख आणि पोवळ्याचे तुकडेसुद्धा आणू नका. विमानतळावर बॅगा तपासतात, काढून घेतात. पोवळी आणि बरेच शंख वन्यजीव कायद्याखाली येतात. आमच्या पुढच्या कुटुंबातला मुलगा तिथे जे रडला ते बघवलं नाही.

चहाबाज
दीव पण छान आहे. ते पण बेट आहे. नागोवा बीच. होका नावाची फांद्या फुटलेली ताडं असतात. मे मध्ये गेलो होतो, वाळूवर पाय ठेवता येत नव्हता.

तिखटमीठ
चहाबाज, प्रत्येक धाग्यावर तुमचं दीव येतंच 😄

चहाबाज
कारण मी तिथेच गेलोय.

अबोली
पोर्ट ब्लेअरबद्दल लिहिते, थोडं लांबेल. आम्ही नीलहून परतल्यावर सेल्युलर जेल बघितलं. मुलं उड्या मारतच आत शिरली. सातपैकी तीनच विंग उरल्यात आता. गाईड सांगत होता, 1896 ते 1906 बांधकाम चाललं, आणि प्रत्येक विंगचं तोंड पुढच्या विंगच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. एका कोठडीत एकच जण. बाबाराव आणि विनायकराव सावरकर, दोघे भाऊ एकाच तुरुंगात. माझे बाबा वरच्या मजल्यावरच्या विनायकरावांच्या त्या कोपऱ्यातल्या कोठडीत गेले आणि म्हणाले, दार ओढून घे जरा. मी ओढलं. थोड्या वेळाने माझ्या मुलाने बाहेरून विचारलं, "आजोबा, कंटाळा आला का?" बाबा आतून हसले. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.
खाली कोलू, म्हणजे कैद्यांना ओढायला लावायचे तो तेलाचा घाणा, ठेवलाय. मुलाने तो ढकलल्याचा अभिनय केला, त्याच्या ताईने त्याला गप्प केलं. मी काहीच बोलले नाही.
बाबा गेल्या वर्षी गेले.

सागरगोटी
अबोली 🙏 काय लिहू.

तिखटमीठ
🙏

ओसरी
आमचं उलटं झालं. आधी जेल आणि रात्रीचा लाइट अँड साउंड शो, त्यात पिंपळ बोलतो. दुसऱ्या दिवशी नील. सासरे बीचवर बसूनही तेच बोलत होते. पोहायला कुणाचं मनच लागेना. अबोलीसारखा क्रम ठेवा, आधी बेट मग जेल. किंवा मध्ये एक दिवस रॉस बेट. तिथे पडक्या इंग्रजी इमारती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्यात, आणि हरणं. हरणं इतकी माणसाळलेली की माझ्या नणंदेची ओढणी चघळली.

निवांत_नाना
ओढणीचे पैसे मिळाले का परत?

ओसरी
नाना!! 😂😂

पहिलटकर
नमस्कार. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात जायचं म्हणतोय, चार वर्षांचा मुलगा आणि आई (गुडघेदुखी). जावं का? नील की हॅवलॉक?

मुक्कामपोस्ट
आईंना घेऊन नील. छोटं आहे, रिक्षाने सगळं होतं. पण तो नैसर्गिक पूल आईंना नको, खडक निसरडे आहेत. भरतपूरला पाणी उथळ, काचेच्या तळाची बोट मिळते, आईंना बसून पोवळी दिसतील. मुलाला पाण्यात पाय भिजवता येतील.

सागरगोटी
@पहिलटकर मेच्या शेवटी पाऊस धरूनच चाला. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका, निदान एक रात्र पोर्ट ब्लेअरला हाताशी ठेवा. बोट कधी रद्द होईल सांगता येत नाही. नीलवर एटीएमच्या भरवशावर जाऊ नका, रोख ठेवा. आणि पत्ते न्या.

तिखटमीठ
आणि आवळासुपारी.

पहिलटकर
धन्यवाद सगळ्यांना. आईला दाखवलं, ती म्हणतेय मी पूलपण बघणार.

गणितवाला
तिथी विचारा त्यांना 😄

ओसरी
तिकडे शाकाहारी काय मिळतं? म्हणजे मला आठवतंय ते डाळ-भात आणि बटाटा. सासूबाईंची एकादशी होती, तर आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या बंगाली बाईने केळी, पपई आणि दोन शहाळी आणून ठेवली. भाषा एकमेकींची येत नव्हती पण दोघी तासभर गप्पा मारत होत्या. मला अजून कळलेलं नाही कशाबद्दल.

चहाबाज
सुनांबद्दल.

ओसरी
🙄

अबोली
आमच्याकडे त्या भाताबरोबर कसलीतरी पालेभाजी होती, पुईशाक म्हणाले. मायाळूच वाटली. कुणी घरी करतं का? कुंडीत लागते का ती?

मुक्कामपोस्ट
लागते की. मायाळूची कांडी खोचा, वेल गच्चीभर जाईल. भजी करा त्याची.

तिखटमीठ
भज्यांचा धागा काढा आता वेगळा, मी आलेच. कुकरची शिटी झाली.